अध्यक्षांच्या पायाचा कलबूत

मित्रांनो, त्या दिवशी धर्मराज अण्णांनी मला नेहमीसारखे मांडीत धरले, ओलसर चामडे माझ्यावर ताणले आणि पक्कडीने खेचता खेचता मुलीला म्हणाले, "नाकाचं बोलू नको. बाकी काय बी सांग."

नाक माझे. मी शिरूर कासारच्या चर्मोद्योग सोसायटीतला जुना कलबूत, म्हणजे ज्याच्यावर जोडा बेततात तो पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. माझे पुढचे टोक निमुळते आहे. अण्णांची मुलगी मुक्ता शहरात पादत्राणांचे डिझाइन शिकत होती, आणि तिला ते टोक रुंद करायचे होते. तिने कागद पसरले. बोटांची ठेवण, चवड्यावर पडणारा भार, असे बरेच काही समजावले. अण्णा टाके घालत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्या बघू." ती कागद गुंडाळून चिडून घरी गेली. दुसऱ्या दिवशी अण्णा उठलेच नाहीत.

माझ्या जन्माची हकीकत ऐकून तुम्ही हसाल. मला मात्र अजून हसू आलेले नाही. बहात्तरच्या दुष्काळात ही सोसायटी निघाली. ऊस तोडायला जाणाऱ्या माणसांच्या तळव्यात उसाचे बुडखे घुसतात, म्हणून त्यांना मजबूत जोडे द्यायचे ठरले. हेतू चांगलाच होता. पण नमुन्याला पाय कुणाचा घ्यायचा? एकाचा घेतला की दुसरा रुसणार. मग सभेत कुणीतरी तोड काढली: अध्यक्षांचा घ्या! अध्यक्ष विठ्ठलरावांनी पाय पुढे केला. कधी ढेकूळ न तुडवलेला, अरुंद, मऊ पाय. म्हाळू सुताराने तो बाभळीत हुबेहूब उतरवला. ठराव सर्वानुमते मंजूर. ज्यांच्यासाठी जोडे होते, ते तेव्हा उसाच्या फडात होते. त्यांचे मत कोण विचारतो?

पुढे माझ्यावरूनच लहानमोठे कलबूत घडले. विठ्ठलराव गेले, त्यांचा मुलगा अध्यक्ष झाला. पाय तोच राहिला.

माझी तारीफ फार झाली. अण्णांचा टाका उसवत नसे, तळ झिजत नसे. फक्त करंगळीपाशी जोडा चावायचा. एरवी चामडे भरपूर भिजले की थोडे सैल तरी पडे, पण गाव टँकरमागे पळत असताना चामड्याला पाणी कुठले? अण्णा स्वतःच्या आंघोळीचे पाणी वाचवून शेडमध्ये आणत. तेवढ्याने ते अर्धवट भिजे आणि वाळल्यावर फळीसारखे होई. अण्णा प्रत्येकाला विचारत, "चावतो का?" ते पाणी सगळ्यांनी पाहिलेले असे. सगळे म्हणत, "न्हाई अण्णा, लई भारी." आणि गावाची शीव ओलांडली की कोयत्याने करंगळीपाशी चीर पाडत. फाटके जोडे फडातच टाकून येत. अण्णांना ते कधी दिसलेच नाहीत.

मुक्तासुद्धा शाळेत असताना अण्णांनी शिवलेला जोडा घालून "न्हाई" म्हणायची. पुढे तिने मोठमोठे ग्रंथ वाचले, नकाशे काढले, बापाशी वाद घातले. दोन शब्दांचे वाक्य मात्र तोंडातून निघाले नाही. मित्रांनो, असा वैताग येतो! माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. माझी निगा उत्तम आहे, दर दिवाळीला तेल लावतात. पण जोडा चावत असेल तर शिवणाऱ्याला सांगा हो. त्याला मान द्यायची हीच रीत आहे.

तेराव्यानंतर मुक्ता शेडमध्ये आली. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. अण्णांचा जोडीदार सटवा मला मांडीत घेऊन बसला होता, आणि तोडीला निघालेली केसरबाई नवा जोडा घालून उभी होती. सटवाने विचारले, "चावतो का?"

"न्हाई, भारी हाय," केसरबाई म्हणाली. एक पाय उचलून उभी होती तरी.

मुक्ताने कागदांची गुंडाळी सोडायला घेतली. सटवा म्हणाला, "पोरी, बाप गेला. आता तरी नाकाचा नाद सोड."

तिने गुंडाळी तशीच खाली ठेवली. अण्णांच्या रिकाम्या पाटासमोर बसली.

मग म्हणाली, "अण्णा, जोडा चावतो."

सटवाची पक्कड थांबली. केसरबाईने जोडा काढला. करंगळी सोलून निघाली होती. ती सटवाकडे न बघता म्हणाली, "चावतोच की. पयल्यापसून."

सटवाने एकदा तिच्या पायाकडे पाहिले, एकदा माझ्या नाकाकडे. मग मला मुक्ताच्या हातात दिले आणि करंगळीपाशी चिकटवून मला रुंद करायला चामड्याचा एक जाड तुकडा तिच्याकडे सरकवला. "मग इतकी वर्सं कावून सांगितलं न्हाई?" त्याने विचारले.

मुक्ताने उत्तर दिले, पण त्याला नाही. पाटाकडे बघूनच ती म्हणाली, "तुमी बिनआंघोळीचे बसला होता, अण्णा. मी चावतो कसं म्हणू?"