पात्राला धरून नाही

ब्रिटिश मालिकांमधली माणसं धड रडत का नाहीत, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी सासूबाई होत्या तेव्हाही झाली नव्हती. आणि त्या असताना काही कमी झाली नव्हती.

लेक सासरी गेली तेव्हा जाताना टीव्हीला परदेशी मालिका दाखवणारी एक काळी डबी जोडून गेली. म्हणाली, बाबांना करमेल. बाबांना कसलं करमतंय, बाबांना वेडच लागलं. ह्यांचं केस कापायचं दुकान. दिवसभर उभं राहून लोकांच्या माना भादरायच्या, संध्याकाळी घरी यायचं, आंघोळ करायची, ओला टॉवेल पलंगावर फेकायचा आणि टीव्हीपुढं बसायचं. टॉवेल बघितला की माझा पट्टा सुरू. "अहो, गादी कुजली! दांडीपर्यंत चार पावलं जायला काय पालखी पाठवू?" हे शांतपणे खुर्चीत बसून म्हणायचे, "ये लवकर, खून व्हायचाय."

मला इंग्रजी अर्धंमुर्धं कळतं. उरलेलं मी चेहऱ्यावरून लावते. पण ह्या लोकांच्या चेहऱ्यावर काही असेल तर ना! राखाडी आभाळ, राखाडी कोट, राखाडी तोंडं. कुणी मेलं की पहिलं काम म्हणजे चहाचं आधण. नवरा पळून गेला, चहा. पोलीस दारात आले, चहा. आणि वाक्य म्हणून एकही पुरं करायचं नाही. "मला वाटतं की..." म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. मी म्हणायचे, "लेखकाला वाक्यामागं पगार कापतात का?"

"अगं, प्रेक्षकाला अक्कल आहे असं धरून चाललाय तो," हे म्हणायचे. "सगळं घास भरवल्यासारखं सांगायचं असेल तर लेखक कशाला हवा? आणि तू चेहरा बघू नकोस. मान बघ. माणूस आरशासमोर बसला की तोंडाचं नाटक करतो. मानेचं नाटक कुणाला येत नाही. ह्या नटाला येतं."

खरं सांगायचं तर खुनी मीच आधी ओळखायचे. एवढा नावाजलेला नट दोन वाक्यांच्या माळ्याच्या कामाला घेतलाय म्हटल्यावर आणखी कोण असणार? हे चिडायचे. "हे फसवून ओळखणं झालं. पुराव्यानं ओळख!" पुरावे ह्यांनी गोळा करायचे. कुणाचे बूट ओले, कोण आज साखर घेत नाही. शेवटच्या भागात तो इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून एकेक पुरावा मांडायचा, तेव्हा हे त्याच्या आधी मांडून मोकळे.

सगळ्यांत मोठं भांडण झालं ते एका म्हाताऱ्या इन्स्पेक्टरवरून. त्याची बायको दवाखान्यात शेवटच्या घटकेला. सहा भाग त्या दोघांचं धड बोलणं नाही. म्हटलं, आता तरी बोलतील. तर ती बाई डोळे उघडते आणि विचारते, "मांजराला खायला घातलंस?" तो म्हणतो, "घातलं." संपलं! ती गेली, आणि हा उठून कोटाची बटणं लावतोय.

ह्यांनी चष्मा काढला आणि चक्क टाळ्या वाजवल्या. रिमोट घेऊन परत मागं नेलं, परत बघितलं.

"काय लिहिलंय!" म्हणाले. "सगळं आलं बघ त्यात."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "काय आलं? डोंबल आलं! आयुष्यभराची बायको मरतेय आणि मांजर? एकदा तरी हंबरडा फोड की मेल्या! एकदा तरी म्हण की तू मला हवी होतीस!"

"ते म्हणायचं नसतं. कळतं."

"कळत असेल. पण ऐकायचं असतं," मी म्हणाले. "तुम्ही तरी कधी म्हणालात मला?"

हे हसले आणि चहा टाकायला उठले. अस्सल ब्रिटिश!

मग ह्यांचं पोट दुखायला लागलं. आधी आम्ही खाण्यावर ढकललं, मग वयावर. तपासण्या झाल्या. अहवाल आणायला मी एकटीच गेले, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं आणि अर्ध्या कापलेल्या डोक्याला सोडून येणं ह्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, स्वतःची खुर्ची पुढं ओढली, आणि मला तिथंच कळलं. पसरलंय म्हणाल्या. ऑपरेशनचा उपयोग नाही. दुखणं कमी करता येईल, दिवस वाढवता येणार नाहीत. "काही महिने," म्हणाल्या, "त्यातले पहिले बरे जातील." मनात एकच आलं. ते बरे महिने तरी ह्यांना बरे जाऊ देत. सांगितलं की हा माणूस कात्री खाली ठेवेल आणि मरणाची वाट बघत बसेल. लेक यायची होती दोन आठवड्यांनी. ती आली की दोघी मिळून सांगू. तोवर तोंडाला कुलूप.

पण माझ्या तोंडाला कुलूप म्हणजे काय थट्टा आहे? मला साधी चाळीशी लपवता आली नाही कधी. बाहेरच्या बाकावर बसून मी विचार केला, आणि एकदम सुचलं. इतकी वर्षं फुकट बघितल्या का मालिका? ते लोक कसं करतात? आवाज खाली. हालचाल कमी. हातांना काहीतरी काम. ह्यांना हाच अभिनय आवडतो ना, मग हाच करायचा. येताना मी वाक्य घोटत आले: अल्सर आहे, पथ्य पाळा, गोळ्या घ्या.

घरी आले. हे दुकानातून येऊन आंघोळीला निघाले होते.

"काय म्हणाली डॉक्टर?"

"अल्सर आहे," मी म्हणाले, आणि पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. "पथ्य पाळायचं. चहा कमी."

"बरं," म्हणाले, आणि न्हाणीघरात गेले. मला माझंच कौतुक वाटलं. एकदाही आवाज कापला नाही, डोळ्यांत टिपूस नाही. ब्रिटनमध्ये असते तर मला काम मिळालं असतं.

आत गेले तर ओला टॉवेल पलंगावर. मी तो उचलला, झटकला, दांडीवर टाकला. थोड्या वेळानं बघते तर बाहेरच्या चपला घालून स्वारी स्वयंपाकघरात. म्हटलं, असू दे, दमलात. मग चहाचा कप टीव्हीच्या काळ्या डबीवर ठेवला. तो मी उचलून नेला. मग दुकानातला वस्तरा धुवायला म्हणून माझ्या भांड्यांच्या मोरीत टाकला. मी तो बोटांनी बाजूला सारला आणि भांडी घासत राहिले.

मालिका लागली. कोण कुणाला काय म्हणत होतं, देवाला माहीत. मधेच ह्यांनी चित्र थांबवलं.

"बस इथं. समोर."

"बसलेच आहे की."

"इकडं नाही, तिकडं. दिवाणखान्यात सगळ्यांना बसवतात ना, तशी."

मी हसत उठले. खेळ करतायत वाटलं. समोरच्या वेताच्या मोड्यावर बसले.

"ओला टॉवेल," म्हणाले. "गादीवर टाकला. तू उचललास. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, चुकून. म्हणून चपला घालून स्वयंपाकघरात आलो. तू म्हणालीस, असू दे. तू! कप डबीवर ठेवला, तू मुकाट नेलास. शेवटी वस्तरा तुझ्या मोरीत टाकला. अगं, लग्नाच्या पहिल्या आठवड्यात त्या मोरीत नुसता कंगवा धुतला म्हणून तू माहेरी निघाली होतीस."

माझं हसू तोंडातच राहिलं.

"अभिनय झकास होता हं," म्हणाले. आवाज अगदी मऊ. "आवाज, हात, गोळ्या मांडणं. सगळं बरोबर. पण लेखन कच्चं. ही बाई अशी वागेलच कशी? पात्राला धरूनच नाही. तू आरडाओरडा करत आली असतीस ना, तर मी फसलो असतो." मग म्हणाले, "अल्सर नाहीये ना गं?"

उत्तर आलं ते पोटातनं आलं. शेजारच्यांनी खिडकी उघडली इतक्या जोरात रडले मी. मोड्यावरून खाली बसले आणि ह्यांचे गुडघे धरले आणि सगळं बोलले. की पसरलंय. की महिनेच आहेत. की तुम्ही गेलात तर मी ओरडू कुणावर? की मला तुम्ही आवडता, पहिल्यापासून आवडता, तो कंगवा धुतलात तेव्हाही आवडत होतात. की मला भीती वाटते. जे ते लोक सहा भागांत बोलत नाहीत ते मी एका दमात बोलले.

ह्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. बराच वेळ तसाच होता तो. "हेही वाईट नाही," म्हणाले. "आपल्या पद्धतीचं."

"मग तुम्हीही बोला! एकदा तरी. माझ्या पद्धतीनं."

"बोलेन," म्हणाले. "लिहून तर होऊ दे."

कपाळ माझं! पण वचन घेतलं मी. शपथच घातली. आणि ह्यांनीही एक वचन घेतलं. ओरडायचं. रोज. आजारी आहेत म्हणून सूट नाही. "तू गप्प बसलीस की मला वाटतं आत्ताच मेलो," म्हणाले.

मी ओरडले. टॉवेलवरून ओरडले, पथ्यावरून ओरडले, दुकानात खुर्चीला टेकून केस कापत होते तेव्हा गिऱ्हाइकांदेखत ओरडले. दुकान बंद झालं तेव्हा घरात ओरडले. आवाज फाटायचा मधेच, तेव्हा हे म्हणायचे, "पुन्हा घे. हा टेक चालणार नाही." लेक यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. म्हणायची, आई, थोडं तरी हळू. तिला काय सांगणार?

मालिका चालूच होत्या. आता अर्ध्या भागातच ह्यांचा डोळा लागायचा. जागे असले तर मतं शाबूत. एक नट मरताना भलंमोठं भाषण करत होता. "इतका दम असेल तर मरतोय कशाला?" म्हणाले. "लेखकानं कुणाला मरताना बघितलेलं नाही."

"तुमचं झालं का लिहून?" मी विचारायचे.

"खोडतोय."

पुढच्या आठवड्यात विचारलं, तर म्हणाले, पहिलंच वाक्य भडक होतंय. मी उशी फेकून मारली. लागणार नाही अशी. पण मला खरंच हवं होतं ते. मी हसण्यावारी नेत होते, तरी हवं होतं. इतक्या वर्षांत एकदा, ह्यांच्या तोंडून, पुऱ्या वाक्यात. माणूस चालला होता माझ्या डोळ्यांदेखत आणि माझं तेवढंच मागणं होतं.

त्या दिवशी सकाळी पोटातलं दुखणं गोळ्यांना जुमानेना. गाडी बोलावली. मला कागद सापडेनात, लेकीला फोन लागेना, आणि हे म्हणाले, तोंड धुऊन येतो. असल्या अवताराला दवाखान्यात नेऊ नको, न्हाव्याची अब्रू आहे. भिंतीला धरून गेले, धरून आले. मग आम्ही निघालो.

दुपारी डॉक्टरबाई आल्या आणि पुन्हा खुर्ची पुढं ओढली. मी म्हटलं, कळलं, नका बसू.

हे मधूनच डोळे उघडत होते. मी तोंडाजवळ वाकले. "अहो," मी म्हणाले, "झालं का लिहून? आता पुरे खोडणं. जसं असेल तसं बोला."

ओठ हलले. मी कान जवळ नेला. ते म्हणाले, "पलंगावर... टॉवेल राहिलाय."

"अहो, टॉवेल गेला खड्ड्यात!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. नर्स धावत आली. "ते नाही! शपथ आहे माझी! नीट बोला ना!"

पण माझा ओरडा ऐकून ह्यांच्या तोंडावर जे समाधान आलं, ते मी कुठल्या नटाच्या तोंडावर बघितलं नाही. मग डोळे मिटले. संध्याकाळ व्हायच्या आत गेले.

सगळं उरकून घरी आले. माणसं होती, ती हळूहळू गेली. लेकीला झोप लागली. मी खोलीत गेले. पलंगावर ह्यांच्या बाजूला टॉवेल पडला होता. दांडी चार पावलांवर. धरून धरून चालत होते, कण्हत होते, तरी सकाळी तेवढं काम करून गेले होते. टॉवेल वाळून कडक झाला होता. खाली चादरीवर ओलीचा डाग उरला होता.

मी ओरडले. एवढी ओरडले की लेक उठून धावत आली. गादी कुजली म्हणाले, किती वेळा सांगायचं म्हणाले, दांडी काय परदेशात आहे का म्हणाले. लेकीनं मला धरलं. मी टॉवेल सोडला नाही.

कळलं हो मला. तुम्ही म्हणायचात तसं सगळं आलं त्यात, अक्षर न् अक्षर कळलं.

पण मला ऐकायचं होतं.