चार ठोक्यांची जागा

मी ड्रमची काठी बोलतेय. ड्रमस्टिक म्हणा, मला चालेल. 'लाकडाचा तुकडा' म्हणणार असाल तर मात्र इथंच थांबा, कारण ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. गोड बोलणं मला जमणार नाही.

माझा जन्म लाकूड कातायच्या लेथवर झाला. त्या कारखान्यात एक वयस्कर कारागीर होता आणि त्याचं काम फक्त जोड्या लावायचं. दोन काठ्या काट्यावर तोलायच्या, मग एकेक काठी लाकडाच्या ओंडक्यावर आपटून कान लावायचा. वजन जुळलं आणि आवाजही जुळला, तरच जोडी. मला बहीण मिळाली ती अशी. म्हणजे एकटीचा आपला काही उपयोग नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढे एक बाई मला एकटीलाच बावीस वर्षं जपत बसली. जपत बसली म्हणजे तिला वाटतं तसं. माझ्या दृष्टीनं ती मला अडवून बसली होती.

आम्हा दोघींना विकत घेतलं ठोक्यानं. त्याचं खरं नाव त्याच्या आईशिवाय कुणी घेत नसे. वडिलांचं रंगाचं दुकान होतं, दिवसभर तो गल्ल्यामागे बसून डबे विकायचा आणि संध्याकाळी दुकानामागच्या गोदामात ड्रम बडवायचा. एक गायक, एक गिटारवाला, एक बेसवाला आणि हा. चौघांचा बँड. रंगाच्या डब्यांच्या उतरंडीत त्यांचा सराव चालायचा आणि जोरात वाजलं की वरचे रिकामे डबे खाली यायचे. ठोक्याला एक खोड होती, खूश झाला की त्याचा हात पळायचा. गायक मान मागे वळवून डोळे वटारायचा, पण गाण्याला खरी मजा तेव्हाच यायची.

एकदा एका कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. दोनशे खुर्च्या, त्यातल्या निम्म्या भरलेल्या. शेवटचं गाणं अगदी रंगात आलं होतं. घामानं ठोक्याचा पंजा निथळत होता आणि मी सटकले. हवेत गरागरा फिरून पहिल्या रांगेसमोर आपटले. त्यानं वाकून पिशवीतून दुसरी काठी काढेपर्यंत चार ठोके रिकामे गेले. गाणं कोलमडणारच होतं, पण तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं टाळी वाजवली, बरोबर ठोक्यावर. पहिल्या टाळीला ती एकटी होती, चौथ्या टाळीला तिची अख्खी रांग. पाचव्या ठोक्याला ड्रम परत आला आणि गाणं असं उसळलं की लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

त्यानंतर ठोक्यानं त्या गाण्यात ते चार ठोके कधीच वाजवले नाहीत. तिथं आला की दोन्ही हात वर धरायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. चुकून पडलेली फट पुढे रिवाज झाली. गाण्याचं नाव काहीही असो, चाहते त्याला 'टाळ्यांचं गाणं'च म्हणायचे. आणि ज्या चुकीतून हे सगळं सुरू झालं ती चूक, म्हणजे मी, त्या मुलीच्या पिशवीत गेले होते.

ती मुलगी म्हणजे आत्या. तेव्हा अर्थात तिला कुणी आत्या म्हणत नव्हतं, भाची नंतर जन्मली. पण मी तिला आत्याच म्हणणार. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तिचं काम, भिंगं घासून चौकटीत बसवायचं. चाकावर पाणी सोडून ती काचेची कड घासायची, मग उजेडासमोर धरून एक डोळा मिटायची. केसभरसुद्धा चूक चालायची नाही तिला. अशी बाई दुसऱ्याची वस्तू उचलून घरी नेते आणि परत करत नाही, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

नंतरच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती मला परत द्यायला म्हणून नेई आणि तशीच परत आणी. आज गर्दी आहे. आज तो दमलेला दिसतो. आज घसा बसलाय, बोलू कशी. महिनाभरात माझी बहीण वाजवता वाजवता तुटली, हे मी पहिल्या रांगेतून, पिशवीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. तीन वर्षांनी बँड फुटला. गायकाला पुढं जायचं होतं, गिटारवाल्याला गायकाच्याही पुढं. एकमेकांची तोंडं पाहायची नाहीत इतक्यावर गेलं आणि ठोक्या पुन्हा गल्ल्यामागे जाऊन बसला.

मी आत्याच्या कपाटात. छत्रीच्या जुन्या पिशवीत गुंडाळून, साड्यांच्या मागे. ती भाऊ-वहिनींकडे राहायची. वहिनी तशी वाईट नाही, पण तिला घरातली कुठलीही वस्तू रिकामी बसलेली खपत नाही. माझा पत्ता लागल्यावर तिनं माझ्याकडून कोपऱ्यातली जळमटं काढून घेतली, गाद्या झोडपून घेतल्या आणि एक अख्खा उन्हाळा मला खिडकीला टेकू म्हणून उभं केलं. आत्याला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. चार दिवस नणंद-भावजय भिंतीशी बोलल्यासारख्या बोलत होत्या. खरं सांगू का? खिडकीचे ते दिवस मला बरे वाटले. निदान कुणाच्या तरी कामी येत होते.

आत्याचं प्रेम मात्र खरं होतं, ते मी नाकारत नाही. भावानं एकदा ओळखीतल्या एका सरळ माणसाशी तिची गाठ घालून दिली. तो बोलता बोलता म्हणाला, ड्रम वाजले की माझं डोकं दुखतं. चहा निवायच्या आत ही घरी परत. त्या बँडची सगळी गाणी तिला पाठ होती, भाचीलाही तिनं तीच गाऊन झोपवलं. पण ठोक्याचं दुकान तिच्या घरापासून बसनं तीन थांब्यांवर होतं आणि एकोणीस वर्षांत ती एकदाही तिकडे फिरकली नाही. काय म्हणून जाऊ, म्हणायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अगं, मला घेऊन जा ना! एवढं कारण पुरत नाही तुला?

मग एक दिवस भाची मोबाइल नाचवत चष्म्याच्या दुकानात आली. बँड पुन्हा एकत्र येत होता. दोन कार्यक्रम, एक इथं आणि महिन्याभरानं दुसरा शेजारच्या शहरात. त्या दुपारी आत्यानं एका गिऱ्हाइकाची उजवी काच डावीकडे बसवली. तिच्या हातून असलं काही झालेलं मालकानं कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही कार्यक्रमांची तिकिटं तिनं पहिल्याच तासात काढली.

आठवड्यानं पोस्टर आलं. त्यावर तोंडं तीन. खाली बारीक अक्षरात, ड्रमवर अमुक, म्हणजे भाड्यानं आणलेला कुणीतरी. आत्यानं ते भिंगाखाली धरून वाचलं.

"आत्या, तुझा ठोक्या कुठाय?" भाचीनं विचारलं.

"येईल गं शेवटच्या क्षणी," आत्या म्हणाली. "त्याचं तसंच असायचं."

चौघांतला एक वगळायचा आणि 'पुन्हा एकत्र' असं मोठ्या अक्षरात छापायचं, यांना लाज कशी वाटली नाही? आणि हिला ते पचलं कसं? फोन उचलून कुणाला विचारावं, तीन थांबे बसनं जावं, काही नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, या भीतीनंच ती गप्प बसली असणार.

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि सोबत घेतलं. या वेळी नक्की त्याच्या हातात देणार होती. फाटकावर पहारेकऱ्यानं पिशवी उघडायला लावली.

"काठी आत नेता येणार नाही, बाई."

तिनं त्याला सांगितलं की ही काठी नाही, ही ड्रमस्टिक आहे, याच बँडची आहे. तो म्हणाला, छत्री, बाटली आणि काठी, तिन्हींना मनाई आहे, आत जायचं तर इथं पिंपात टाका नाहीतर घरी जा. मागून लोक ढकलत होते. आतून गिटार जुळवल्याचा आवाज आला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे. मला वाटलं, आता तरी.

तिनं मला पिंपात टाकलं आणि आत गेली.

ओल्या छत्र्या आणि अर्धवट प्यायलेल्या बाटल्यांत पडून मी अख्खा कार्यक्रम ऐकला. स्वच्छ वाजवत होते, मान्य आहे. हल्ली वाजवणाऱ्यांच्या कानात एक यंत्र टिकटिकत असतं आणि सगळे त्याच्या मागे चालतात. कुणाचा हात पळत नाही. शेवटी टाळ्यांचं गाणं आलं. ती जागा आली. ड्रम थांबलाच नाही, सरळ वाजत पुढे गेला. हजारो लोकांनी सवयीनं हात उचलले असणार, कारण खाली कुठंतरी टाळ्यांचा फुसका आवाज झाला आणि ड्रमखाली चिरडून गेला. मग लोक ओरडले, नाचले आणि खूश झाले. माझा संताप झाला तो यावर. कुणाला काही गेल्यासारखंच वाटलं नाही.

आत्या बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि चेहरा फुलला होता. पिंपात हात घालून तिनं मला शोधलं. भाचीला फोनवर म्हणाली, भारी झालं, तू यायला हवं होतंस. बसच्या थांब्यावर मात्र ती माझ्या टोकाशी चाळा करत बसली आणि तिच्या दोन बस निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ती तीन थांबे गेली.

ठोक्या गल्ल्यामागे होता. केस पांढरे, नखांत निळा रंग आणि चष्म्याच्या काचा इतक्या चरे पडलेल्या की आत्याचा हात आपोआप त्यांच्याकडे जाऊन मागे आला. तिनं मला गल्ल्यावर ठेवलं. ही तुमची, म्हणाली, कॉलेजच्या हॉलमध्ये पडली होती, मी उचलली. त्यानं मला दोन बोटांवर तोललं. बावीस वर्षांनी ती बोटं मला लागली, आणि रागावलेली असूनही मला भरून आलं, हे लपवत नाही.

"पहिली टाळी तुम्हीच वाजवली होती ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"काल गेला होतात?"

"गेले होते."

"मजा आली?"

खोटं बोलायची सोय होती. तिनं ती वापरली नाही. "आली," म्हणाली. "तुमची वाट पाहिली, पण मजाही आली."

मग त्यानं सांगितलं, डब्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता. तिघांनी त्यालाही बोलावलं होतं. आठ दिवस सराव झाला. कानात यंत्र घाल म्हणाले, घातलं. हात पळवू नकोस म्हणाले, तेही मान्य केलं. फक्त त्या गाण्यात त्या जागेवर तो हात वर धरायचा. गायक म्हणाला, यंत्र थांबत नाही, चार ठोके भर, लोक काही टाळ्या वाजवायला येत नाहीत. यानं ऐकलं नाही. नवव्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस बसला होता.

"मी म्हणालो, ती जागा माझी नाहीच, लोकांची आहे, ती मी कशी भरू," ठोक्या म्हणाला. "आणि मला काढलं तरी लोक आले की सगळे."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक भिंतीसाठी राखाडी रंग मागायला आलं. ठोक्यानं डबा उघडला, ढवळायला काहीतरी हवं म्हणून हात पुढे केला, त्यात मी आले आणि त्यानं मला गळ्यापर्यंत रंगात बुडवलं. मुद्दाम की सवयीनं, ते मला आजवर कळलेलं नाही. आत्या बघत राहिली. तिनं मला एवढी वर्षं धूळ लागू दिली नव्हती. मग ती निघून गेली.

आता मी या दुकानात असते. माझ्यावर राखाडी, पिवळा, हिरवा असे थर चढलेत. दिवसभर ढवळते आणि मग ठोक्या माझ्या मागच्या टोकानं डब्यांची झाकणं ठोकून बसवतो. खाल्लेल्या मिठाला जागते, म्हणून सांगते, तो एकही झाकण कंटाळून ठोकत नाही. तरी माझा राग आहेच. त्या तिघांवर आहे, या मानी माणसावर आहे. आत्यावर सगळ्यात जास्त, कारण तिला कळत होतं. तुम्हालाही सांगते. ज्याच्यावर प्रेम आहे म्हणता त्याची वस्तू कपाटात जपू नका. त्याला नेऊन द्या आणि त्याचं कसं चाललंय ते विचारा. त्याच्यावाचून कार्यक्रम सुरू झाला तर निदान तिकीट काढण्याआधी एकदा विचारा.

काल दुसरा कार्यक्रम होता, शेजारच्या शहरात, संध्याकाळी सातला. साडेसहाला आत्या दुकानात आली. तिच्या हातात चष्म्याच्या नव्या काचा होत्या; नंबर आणि माप घ्यायला भाची आठवड्यापूर्वी ठोक्याचा चष्मा तासभर घेऊन गेली होती. ठोक्याचा चष्मा मागून घेतला, दाराच्या उजेडात बसून जुन्या काचा काढल्या, नव्या बसवल्या आणि पुसून गल्ल्यावर ठेवला. त्यानं तो लावला, तिच्याकडे पाहिलं, आभार वगैरे काही मानले नाहीत. एक मोठा डबा तिच्यापुढं सरकवला आणि मला तिच्या हातात दिलं.

"ढवळा. गिऱ्हाईक येतंय न्यायला."

ती उलट्या डब्यावर बसली आणि तिनं मला रंगात घातलं. दोन्ही हातांनी धरून, भीत भीत. सातला तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. तिकडे पहिलं गाणं सुरू झालं असणार, आणि तिचं तिकीट अजून तिच्या पर्समध्येच होतं.

"हात थांबला तुमचा," ठोक्या म्हणाला. "तळाशी गुठळ्या राहतात."

तिनं नाक ओढलं, पदर खोचला आणि तळापासून ढवळायला घेतलं.