उघडल्यावर बंद पडलं तर

आठ दिवस टिटवीने बापाला पाच उत्तरं शिकवली. टिटवी हे नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण लहानपणी ती एकदा बोलायला लागली की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. आता त्याच बोलण्यावर तिचं पोट भरत होतं. रुग्णालयाच्या संशोधन विभागात, ज्यांच्यावर नवं औषध तपासायचं त्यांना संमतिपत्र समजावून सांगणं हे तिचं काम. नुसतं वाचून दाखवायचं नाही. वाचून झालं की पाच प्रश्न विचारायचे आणि समोरच्याने आपल्या शब्दांत उत्तरं द्यायची. देता आली नाहीत तर सही नाही. या बाबतीत ती मोठी खमकी. मागे एका नवऱ्याने बायकोच्या तळहातावर उत्तरं लिहून आणली होती, तेव्हा टिटवीने त्याला आल्या पावली परत पाठवलं होतं. "संमती म्हणजे काय पाढे आहेत का?" असं वर ऐकवलंही होतं.

आणि आता तीच सकाळ-संध्याकाळ बापाकडून पाढे घोकून घेत होती. स्वतःच्या घरावर आलं की माणूस तत्त्वं खुंटीला टांगतो, दुसरं काय!

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. दोन वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. गेल्या महिन्यात टिटवीने चहा दिला, तर म्हणाले, "थँक यू, सिस्टर." आपण गणवेशात होतो म्हणून म्हणाले असतील, अशी तिने मनाची समजूत घातली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

नवं औषध या आजाराचा वेग कमी करील, अशी आशा होती. खात्री कुणालाच नव्हती. घेतलेल्यांपैकी काहींच्या मेंदूला सूज आली होती, दोघांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. टिटवीला हे सगळं पाठ होतं. रोज दुसऱ्यांच्या बापांना तीच सांगत होती. पण बाबा तिला पुन्हा सिस्टर म्हणतील, याची भीती तिला रक्तस्रावापेक्षा मोठी वाटत होती. यादीत एकच जागा उरली होती आणि नोंदणी आज दुपारी एकला बंद होणार होती.

नातेवाइकाने संमती घ्यायची नाही, असा नियम. म्हणून बाबांसमोर बसली होती ताई, टिटवीची वरिष्ठ, बारा वर्षं याच टेबलाला खिळलेली. टिटवी बाजूच्या खुर्चीत, हात मांडीखाली दाबून. भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस झाले होते.

"चार मिनिटं मागे आहे ते," बाबा आत आल्या आल्या म्हणाले होते.

ताईने संमतिपत्र वाचून दाखवलं आणि पहिला प्रश्न विचारला. "काका, हे औषध काय आहे, सांगाल?"

"औषध अजून तपासलं जातंय. गुण येईलच असं नाही." बाबांनी खणखणीत उत्तर दिलं. टिटवीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात फोन वाजला. वरून डॉक्टर विचारत होते, झालं का, यादी पाठवायची आहे. "होतंय, होतंय," म्हणत ताईने फोन ठेवला आणि कागदावर बोट टेकवलं. बोट टेकलं ते चौथ्या प्रश्नावर.

"किती वेळा यावं लागेल, काका?"

"निम्म्या लोकांना औषध मिळेल आणि निम्म्यांना नुसतं सलाईन," बाबा म्हणाले.

ताईने मान वर केली. ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

"बरं. आणि सलाईन कुणाला मिळणार?"

"मेंदूला सूज येऊ शकते किंवा रक्तस्राव होऊ शकतो." अगदी त्याच सुरात. तिसरं उत्तर. मग विचारायच्या आधीच चौथं, "महिन्यातून एकदा, दीड वर्ष," आणि लगोलग पाचवं, "कधीही नाही म्हणता येतं." संपल्यावर त्यांनी टिटवीकडे पाहिलं आणि शाबासकी मिळालेल्या पोरासारखे हसले.

ताईने पेन खाली ठेवलं. उठून दार लोटून घेतलं.

"किती दिवस शिकवलंस?"

"आठ."

"तळहातावर लिहिणाऱ्याला हाकललं होतंस तू."

"माहितीये मला." टिटवीचा आवाज चिरकला. "ताई, पुन्हा विचारा. क्रमाने विचारा, सगळी बरोबर येतील. एवढी एकच जागा आहे. पुढच्या खेपेपर्यंत हे..." बाबांसमोर तिला पुढचं बोलवेना.

ताईही माणूसच होती. तिची आई याच आजाराने गेली होती. "क्रमाने विचारून सही घेता येईल," ती हळूच म्हणाली. "मी आणि तू सोडून कुणाला कळणार नाही. पण आधी एकदा नीट सांगून बघते. मग तू म्हणशील तसं."

तिने कागद बाजूला सारला आणि खुर्ची बाबांच्या जवळ ओढली.

"काका, घड्याळ मागे पडायला लागलं की काय करता?"

"उघडून बघतो."

"समजा तुमच्या डोक्यातलं घड्याळ मागे पडतंय. आमच्याकडे एक तेल आहे. ते घातलं तर मागे पडणं कदाचित कमी होईल. कदाचित काहीच होणार नाही. आणि एखाद्या वेळी, थोड्यांच्याच बाबतीत, आतलंच काहीतरी मोडेल. तुम्हाला मिळेल ते तेलच असेल असंही नाही, कदाचित नुसतं पाणी असेल. घालून बघायचं का?"

बाबांच्या चेहऱ्यावरचं ते पाठांतराचं हसू गेलं. ते पुढे वाकले. दुकानात डोळ्याला भिंग लावल्यावर ते असेच वाकायचे; टिटवीने तो चेहरा दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"गिऱ्हाइकाला मी आधी विचारायचो," ते सावकाश म्हणाले. "जुनं घड्याळ असलं की विचारायचोच. म्हणायचो, उघडल्यावर बंद पडलं तर चालेल का? चालेल म्हणाले तरच हात लावायचा. पुष्कळ लोक परत न्यायचे. म्हणायचे, राहू दे, मागे पडतंय पण चालतंय."

"आणि तुमचं, काका?"

बाबांनी टिटवीकडे बोट केलं. "ही टिटवी. माझी मुलगी. एवढं अजून येतंय मला. मोडलं तर हेही जाईल." मग ताईला म्हणाले, "नको. राहू दे माझं."

भिंतीवरच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. टिटवीला वाटलं, ओरडावं, की बाबा, ते तसंही जाणार आहे! औषध न घेताही जाणार आहे! पण ती उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. ताईने बाबांना चहा मागवून दिला.

भिंतीवर बारा पन्नास झाले. बाबांनी कप खाली ठेवला, टेबलावरचा कागद पाहिला, खिशातलं पेन चाचपून काढलं.

"हां, बाई," ते प्रसन्नपणे म्हणाले, "कुठे करायची सही?"

ताईने टिटवीकडे पाहिलं. टिटवी वळली. बाबांच्या बोटात पेन होतं, टोपण काढलेलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी शिकवलं नव्हतं. माणूस आपणहून सही मागत होता. फोन पुन्हा वाजायला लागला. टिटवीने नुसतं बोट दाखवायचं होतं, इथे, बाबा.

ती टेबलाशी आली. बाबांनी पेन टेकवायला हात पुढे केला, तेव्हा तिने तो आपल्या हातात धरला आणि पेन हळूच काढून घेतलं.

"ताई," ती म्हणाली, "लिहा. नकार. बारा चाळीसला."

"चव्वेचाळीस," बाबा म्हणाले. "ते मागे आहे."

ताईने फोन उचलून जागा मोकळी असल्याचं सांगितलं. मग नकाराच्या रकान्यात चव्वेचाळीस लिहिलं. तिचे डोळे भरले होते, पण अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं.

"कसला नकार?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही औषधाला नाही म्हणालात, बाबा."

"मी?" ते गोंधळले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी आठवून पाहिलं; काही सापडलं नाही. शेवटी त्यांनी टिटवीच्या हातावर थोपटलं.

"मग विचार करूनच म्हणालो असेन," ते म्हणाले. "का म्हणालो ते तू लक्षात ठेव हं, सिस्टर."