केल्याशिवाय कपाटात नाही

कवळीवाल्यांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस त्या कपाटापुढे उभा राहायचा आणि हमखास एकच प्रश्न विचारायचा, एवढं सगळं वाचलंय का हो तुम्ही? कवळीवाले त्याचीच वाट बघत असायचे. वाचलं नाही, केलंय, असं शांतपणे सांगायचे आणि पाहुण्याचा चेहरा न्याहाळत बसायचे. आयुष्यात त्यांनी एवढा एकच माज केला आणि तो कधी लपवला नाही.

धंदा म्हणाल तर कवळ्या बनवण्याचा. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांचे प्लास्टरचे साचे करायचे आणि त्यांवर एकेक दात मेणात बसवायचा. छंद मात्र मारामारीच्या पुस्तकांचा. दात पाडायची विद्या घरी आणि बसवायची दुकानात, म्हणजे गिऱ्हाईक बाहेर जायला नको, असं शेजारी म्हणायचे. प्रत्यक्षात कवळीवाल्यांनी उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. रांगेत कुणी धक्का दिला तर उलट हेच 'लागलं का' म्हणून विचारायचे. घरात झुरळ निघालं तर खुर्चीवर चढण्यात पहिला नंबर यांचा.

पण कपाट बघत राहावं असं होतं. खालच्या फळीवर कुस्तीची पुस्तकं, कारण ती पैलवानांसारखीच अवजड. त्यांच्यावर मुष्टियुद्ध, मग ज्यूदो, कराटे, भाला, तलवार, काठी, आणि अगदी वर, टाचा उंचावून काढावी लागणारी धनुष्यबाणाची. काही रद्दीतून उचललेली, काही एका निवृत्त कवायत मास्तरांनी घर बदलताना दिलेली. एक तर भिजून फुगलं होतं, त्याचं पान न् पान कवळीवाल्यांनी इस्त्री फिरवून सरळ केलेलं. ओळी कलंडू नयेत म्हणून लोक टोकाला लाकडी घोडे ठेवतात. यांच्याकडे कुणाकुणाच्या जबड्यांचे जुने साचे होते.

या कपाटाचा नियम एकच, केल्याशिवाय आत जागा नाही. तरुणपणी ते एका बड्या संग्राहकाकडे गेले होते. काचेमागचं एक पुस्तक हातात घेतलं, तर त्याची पानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती. तलवारीचे सगळे डाव जोडपानांत गाढ झोपलेले. कवळीवाल्यांना त्या माणसाची कीव आली आणि स्वतःचं काय करायचं ते त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. तेव्हापासून नवं पुस्तक आलं की ते खिडकीखालच्या स्टुलावर बसायचं. उमेदवार म्हणायचे ते त्याला. त्यातला प्रत्येक पवित्रा, प्रत्येक डाव स्वतः करून झाला की मगच त्याला फळी मिळायची. कुस्तीला जोडीदार कोण, तर गादीची वळकटी. तिला त्यांनी कितीदा चीतपट केलं याला गणती नाही.

आता हातपाय चालवायचे तर पुस्तक कोण धरणार? ते काम बायकोचं. त्या शाळेत शिकवायच्या आणि सगळं जग त्यांना बाई म्हणायचं, जावईसुद्धा. संध्याकाळी बाई भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसायच्या, समोर कवळीवाले उभे, आणि मुलांना शुद्धलेखन घालावं तसं बाई पुस्तक घालायच्या. डावा पाय मागे. डावा... पाय... मागे. स्वल्पविराम. यांनी घाईनं पाय उचलला तर चष्म्यावरून बघून म्हणायच्या, वाक्य संपू द्या, मग हला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी नुसती वाचते, असंही त्या सगळ्यांना सांगायच्या, आणि लोक मानायचेही.

काठीवरचा ग्रंथ दोन भागांचा होता. पहिला भाग लेक रांगत होती तेव्हाच कपाटात गेला. दुसरा काही केल्या मिळेना. त्याच्यासाठी शेजारी बोटभर जागा राखून ठेवली होती. लेक लग्न होऊन परगावी गेली आणि तिथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिला तो सापडला. पार्सल कवळीवाल्यांच्या हातात पडलं. मेण कापायच्या सुरीनं त्यांनी ते उघडलं, पुस्तकाचा वास घेतला आणि ते स्टुलावर ठेवलं.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. नुकतंच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. काठी हातात होती, पण चालण्यापुरती. आणि या दुसऱ्या भागात नुसत्या फिरक्या आणि बैठका. एका गुडघ्यावर उतरायचं, डोक्यावरचा वार झेलायचा, तसंच उठायचं. डॉक्टरांनी तर गुडघा टेकायला कायमची बंदी केलेली. तरी एकदा कुणी नाही असं बघून कवळीवाल्यांनी टेबल धरून प्रयत्न केला आणि टेबलासकट आडवे झाले. बाईंनी येऊन उचललं. त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत, आणि बाईंच्या बाबतीत हे भलतंच गंभीर लक्षण होतं.

लेक फोनवर म्हणाली, ठेवून द्या ना बाबा कपाटात, कोण बघतंय.

"मी बघतोय," कवळीवाले म्हणाले.

पुस्तक स्टुलावरच राहिलं. येता-जाता ते नजरेला पडायचं आणि कवळीवाले दुसरीकडे बघायचे. मग एक दिवस कुणी पाहुणे आले, त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, आणि कवळीवाले खाली बघत म्हणाले, हो, वाचलीत बरीचशी. स्वयंपाकघरात बाईंचा हात जागच्या जागी थांबला.

दुसऱ्या दिवशी कवळीवाल्यांनी व्यायामशाळेच्या सेक्रेटरींना फोन केला. सगळं कपाट घेऊन जा, म्हणाले, रविवारी टेम्पो पाठवा. ज्याला करता येत नाही त्याच्या घरी ही पुस्तकं म्हणजे त्या बड्या संग्राहकाची काच. यात त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही. वाईट फार वाटलं.

शनिवारी शाळा अर्धी. बाई घरी आल्या तर जमिनीवर खोकी, निम्मं कपाट रिकामं आणि नवरा भाल्याची पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळतोय. काय चाललंय ते कळल्यावर बाई भडकल्या. कवळीवाले समजावू लागले, गुडघ्याचं सांगू लागले. बाईंनी ते मध्येच तोडलं.

"घसा बसेपर्यंत वाचलंय मी हे सगळं. मला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर विचारायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी पर्स ठेवली, टेबल भिंतीकडे सरकवलं, खोकी पायानं बाजूला केली आणि नवऱ्याची काठी उचलून घेतली.

"त्या खुर्चीत बसा आणि वाचा. मी करते."

अगं, तुझं वय काय, असं कवळीवाले म्हणणार होते. पण बाईंचे डोळे बघून ते निमूट खुर्चीत बसले आणि त्यांनी स्टुलावरचं पुस्तक मांडीवर घेतलं. पहिलाच परिच्छेद त्यांनी पुटपुटत, भराभर वाचला. दोनदा वाचा, स्पष्ट वाचा, आणि विराम द्या, अशी समज मिळाली.

उजवा पाय पुढे, त्यांनी वाचलं. बाईंनी डावा पुढे टाकला. कवळीवाल्यांनी तोंड उघडलं. पोरांना डावं-उजवं शिकवण्यात जन्म गेला या बाईचा! पण काठी डाव्या हाताच्या मुठीत, असं वाचल्यावर तिनं ती उजव्या मुठीत धरली, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतकी वर्षं ती समोर बसून 'उजवा' म्हणत आली होती आणि हलताना दिसायचा तो यांचा, तिच्या डाव्या हाताकडचा पाय. तिच्या अंगात सगळी विद्या शिरली होती, पण आरशातली.

थांबवावं असं त्यांना वाटलं, आणि थांबवणं जमेना. कारण पुढे जे दिसत होतं ते त्यांनी या खोलीत कधी पाहिलंच नव्हतं. पाठ ताठ. टाच आधी टेकायची, मगच भार. फिरकी घेताना नजर काठीच्या आधी वळायची. या प्रत्येक गोष्टीवर त्यांनी स्वतः घाम गाळला होता आणि कशीबशी साधली होती. बाई सावकाश गुडघ्यावर उतरल्या, काठी डोक्यावर आडवी धरली, थोडं थांबल्या आणि कशाचाही आधार न घेता उठल्या. केस सुटले होते, धाप लागली होती. कवळीवाल्यांचा ऊर भरून आला. ही माझी बायको, असं ओरडून साऱ्या गल्लीला सांगावं असं त्यांना वाटलं.

"चुकलं का काही?" बाईंनी विचारलं.

"सगळं उलट्या बाजूनं केलंस. आणि एक चूक नाही."

"मग पुढचं वाचा."

धड्याचं शेवटचंच वाक्य उरलं होतं. त्यांनी वाचलं, हेच आता दुसऱ्या बाजूने करावे. पूर्णविराम.

"हे वाक्य प्रत्येक पुस्तकात आहे," काठी दुसऱ्या हातात घेत बाई म्हणाल्या. "दर वेळी वाचायचे मी. तुम्ही तोवर घाम पुसायला गेलेले असायचात."

कवळीवाल्यांनी भरलेल्या खोक्यांकडे बघितलं, मग कपाटाकडे. कुस्ती, तलवार, भाला, सगळं त्यांनी एकाच अंगानं केलं होतं. ज्या संग्रहाचा आयुष्यभर माज केला तो निम्माच होता. लाज वाटायला हवी होती, पण त्यांना हसू फुटलं आणि आवरेना. त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि सेक्रेटरींना फोन लावला. टेम्पो पाठवू नका, म्हणाले, आमची पुस्तकं अजून व्हायची आहेत.

मग गुडघा बरा झाला वाटतं, सेक्रेटरींनी विचारलं.

"छे, गुडघा कसला," कवळीवाले मोठ्यानं म्हणाले, बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं. "आता आमच्या बाई करतात. मी नुसता वाचतो."