पाठमोरे दस्तगीरचाचा

मित्रांनो, कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, बंद खोलीतल्या खुंटीवर लटकणारा जुना हेडफोन म्हणजे मी. माझी एक गादी चिकटपट्टीवर तग धरून आहे, पण मी हजारो कान तपासलेत की! काचेपलीकडून कान तपासणाऱ्या निशामॅडम बटण दाबतात, माझ्यातून बारीक सूर निघतो आणि ऐकू आला की माणूस बोट वर करतो. दाखल्यावर निदान चाळीस टक्के बहिरेपणा लागतो, तरच दिव्यांगांच्या सवलती मिळतात.

एकदा इचलकरंजीहून दस्तगीरचाचा आले. पस्तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. मी त्यांच्या कानांवर बसलो, सूर सोडला आणि थक्क झालो. बारीक सूर आत पोचतच नव्हते, तरी बोट बहुतेक वेळा अचूक वर! निकाल आला अठ्ठावीस टक्के.

बाहेर त्यांच्या बायको शमशादचाची वैतागल्या. "कुकरच्या शिट्ट्या यांना ऐकू येत न्हाईत, आन् ह्या मशिनीचं बरं ऐकू येतंय?"

मला ओरडून खरं सांगावंसं वाटलं. पण मला सूर आहे, शब्द नाहीत. दाखला हातचा जाणार होता.

निशामॅडम मात्र विचारात पडल्या. त्यांनी चाचांना परत बसवलं आणि बटण न दाबता नुसतं बोट हलवलं. मी गप्प होतो. चाचांचं बोट झटकन वर!

मॅडम दार उघडून समोर आल्या. "चाचा, माझ्या हाताकडं बघून बोट वर करताय व्हय?"

चाचा त्यांचे ओठ वाचून लाजले. "मागाच्या खडखडाटात कोण कानानं ऐकतंय मॅडम? समद्यांचं हात आन् ओठच बघायचं. आन् परीक्षा म्हटल्यावर नापास कशाला व्हायचं?"

"हितं नापास व्हायलाच आलाय न्हवं?" दारातून चाची म्हणाल्या, आणि तिघंही हसली.

मग मॅडमनी चाचांची खुर्ची भिंतीकडं फिरवली. मी सूर सोडत राहिलो, मोठा, आणखी मोठा. बोट मांडीवरच, अगदी मोठ्या सुरालाच काय ते वर झालं. निकाल बावन्न टक्के.

मित्रांनो, एवढ्या शांततेत हा माणूस इतकी वर्षं कापड विणत होता, गप्पाही मारत होता. मी तर सुरांचा धनी, पण डोळ्यांनी ऐकणं मला जन्मात जमणार नाही.

तुमच्या घरातलं कुणी "मला येतंय की ऐकू" म्हणालं, तर एकदा पाठीमागून हाक मारून बघा. वळले नाहीत तर चिडू नका. समोर जा, हात धरा आणि आमच्या खोलीत घेऊन या.