दोन पंपांची गाडी

डोसा की इडली, असं विचारलं की गुरुराज दोन्ही मागवायचा, आणि नीरजा कपाळाला हात लावायची. नवऱ्याचा हा स्वभाव बदलायचा नाद तिने कधीच सोडून दिला होता. या खेपेला मात्र प्रश्न पोटाचा नव्हता. गुरुराजचे वडील खंडोजी, घरातले अण्णा, वय शहाऐंशी, रविवारी आपल्या बासष्ट सालच्या गाडीतून नातीच्या नव्या घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला व्हाइटफील्डला जाणार होते. चालवणार होती नातच, गुरुराजची मुलगी संहिता. आजारपणातून उठल्यावर म्हाताऱ्याने मागितलेली ही एकच गोष्ट, नाही कोण म्हणणार?

गुरुराजची झोप उडाली. टाकीतलं पेट्रोल ओढणारा जुना पंप इंजिनाला चिकटून बसलेला. ट्रॅफिकमध्ये तो तापला की पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी जागच्या जागी बंद. मग अण्णा त्यावर ओलं फडकं टाकून निवांत वाट बघायचे. आता उड्डाणपुलावर, भर उन्हात, अण्णांना गाडीत बसवून पोरगी फडकी भिजवत बसणार का? विजेचा पंप टाकीजवळ बसतो, तापत नाही. पण जुना पंप अण्णांनी स्वतःच्या हातांनी तीनदा उघडून जोडलेला. त्याच्या काचेच्या वाटीत पेट्रोल बघितल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. तो काढायचा म्हणजे म्हाताऱ्याला तोंडावर सांगायचं, तुमची कारागिरी आता पुरे.

दोन्ही पंप ठेवायचं म्हटल्यावर ओळखीचा मेकॅनिक अजिंक्य स्पष्ट म्हणाला, “एकच ठेवा सार. जुन्याचा रबरी पडदा फाटला तर नवा पंप सगळं पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये ढकलेल. मग आगीचाच खेळ.”

“सरी, सरी,” बरं बरं, म्हणत गुरुराजने शुक्रवारी विजेचा पंप मागे लपवून बसवून घेतला आणि जुनाही जागेवर ठेवला. पेट्रोल त्यातूनच जायला हवं होतं, नाहीतर वाटी रिकामी दिसली असती. अण्णांना ऐकायला कमी येतं, नव्या पंपाची टिकटिक त्यांना कळायची नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

रविवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा कोट घालून पुढच्या सीटवर बसले. शेजारी संहिता किल्ली घेऊन तयार. गुरुराजने जिवाला चैन पडेना म्हणून बॉनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी ओढली. ऑइल खुणेच्या चांगलं बोटभर वर होतं. त्याने तर थेंबही घातला नव्हता. त्याने पट्टी नाकाशी नेली. पेट्रोलचा वास.

“संहिता, किल्ली फिरवू नको! उतर! अण्णा, तुम्हीपण उतरा आधी!”

अण्णा दाराला धरून सावकाश उतरले. गुरुराजने पट्टी त्यांच्यापुढे धरली. “अण्णा, मी चोरून विजेचा पंप बसवला. तुमचाही ठेवला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

अण्णा वाकून वाटीकडे बघत राहिले. “काल मी नुसती किल्ली फिरवून बघितली,” ते म्हणाले. “माझा पंप इंजन फिरल्याशिवाय ओढत नाही, आणि इंजन सुरू व्हायच्या आधीच वाटी भरली. तेव्हाच कळलं मला, दुसरा पंप आहे.”

“मग बोललात का नाही?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

संहिता किल्ली मुठीत घट्ट धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“आणि गाडी मी चालवणार होते,” ती म्हणाली.

दोघांनाही तिच्याकडे बघवेना. मग अण्णांनीच पाना मागितला आणि आपला पंप सोडवायला घेतला.