डावीकडचं नाव

"चूक एकशे बाराव्या ओळीत आहे म्हणे," दीपक म्हणाला आणि चहाचा ग्लास कीबोर्डाशेजारी टेकवून पुन्हा पडद्याकडे वाकला. "आपण तिघं सकाळपासून डोकं फोडतोय, आणि ह्या एआयनं चहा निवायच्या आत सांगितलं. वर विचारतो, अजून काही मदत करू का. मनिषाताई, यंदाचा बोनस ह्यालाच द्या. सर्वेशची गावी पावसला आंब्याची बाग तरी आहे. मी आपला भाट्याच्या किनाऱ्यावर भेळ विकीन."

"मीठ किती टाकायचं तेही ह्यालाच विचारशील," मनिषाताई म्हणाली. पण तिचं लक्ष थट्टेत नव्हतं. पुण्यात दहा वर्षं काढून परतलेली ती, या चार टेबलांच्या कचेरीत सर्वांत जुनी आणि सर्वांसाठी उत्तरदायी. "ओळ कोणी लिहिलीय ते बघ आधी."

दीपकनं कळ दाबली. प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला, ती कोणी लिहिली आणि तिला किती काळ लोटला, हे फिकट राखाडी अक्षरांत उमटत गेलं. एकशे बाराव्या ओळीशी लिहिलेलं होतं : इद्रीस होडेकर, चौदा महिन्यांपूर्वी.

सर्वेशच्या शेजारचं चौथं टेबल इद्रीसचं; तो गेल्यापासून रिकामंच होतं. माणूस गेला की त्याचं वय थांबतं. त्यानं लिहिलेल्या ओळींचं मात्र थांबत नाही. ते यंत्र दर महिन्याला इमानेइतबारे एकेक आकडा वाढवत राहतं. गेले वर्षभर सर्वेश ती राखाडी नावं पाहत आला होता. कुठलंही पान उघडावं, तर इद्रीस आधीच तिथं येऊन बसलेला असे.

चार दिवसांपूर्वी पहाटे सव्वातीनला वादळी वाऱ्याचा इशारा आला होता. मच्छीमार सोसायटीच्या तीनशे होड्यांना तो तत्काळ पोचवणं, हे ह्या प्रोग्रामचं पहिलं काम होतं. त्यानं इशारा पाच वाजेपर्यंत स्वतःपाशी ठेवून घेतला. तोवर, चारच्या सुमाराला, मिरकरवाड्याच्या बंदरातून होड्या बाहेर पडल्या होत्या. दुपारपर्यंत सगळ्या परतल्या. पण गुणाजी तांडेलाच्या उजव्या हाताची दोन बोटं ताणलेल्या दोरानं नेली. सोसायटीला आज संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा हवा होता.

आणि एकशे बारावी ओळ एवढंच सांगत होती की रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात कोणताही संदेश जाऊ नये.

"बिचारा सुटला," दीपक हळू आवाजात म्हणाला. "आता त्याला कोण काय बोलणार?"

त्यात दुष्टावा नव्हता. मनिषाताईनं डोळे मिटून घेतले, मग सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावला. रात्री दहा ते पाच संदेश अडवणारी ओळ आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची आहे, तो आता हयात नाही, असं तिनं सांगितलं. नाव तिनं घेतलं नाही. इद्रीस मिरकरवाड्यातलाच, तिथं ते घ्यावं लागणारही नव्हतं.

सर्वेश पडद्यावरच्या त्या नावाकडे पाहत राहिला. बोलणं त्याला कधीच सोपं गेलं नव्हतं.

त्याला ती संध्याकाळ पुरती आठवत होती. त्याचा लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला. इद्रीस नमाजाला उठला, तेव्हा जाता जाता म्हणाला, "बस माझ्या जागेवर. काय खराब करू नको." तेवढ्यात सोसायटीतून तक्रार आली : मासळीच्या दरांचे संदेश अपरात्री वाजतात, पोरं जागी होतात. सर्वेशनं दोन ओळी लिहिल्या आणि चालू प्रोग्रामात धाडून दिल्या. केवळ दरांचे संदेश थोपवायचे होते. त्यानं सगळेच थोपवले. यंत्र इद्रीसचं, म्हणून सही इद्रीसची पडली. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी इद्रीसला ताप आला, आठव्या दिवशी तो लेप्टोनं गेला, आणि ती खुर्ची तशीच राहिली. त्या दोन ओळी इद्रीसचं शेवटचं काम म्हणून नोंदल्या गेल्या. वर्षश्राद्धासारखी एकदा मनिषाताईनं ती नोंद उघडून पाहिली होती, तेव्हाही सर्वेश शेजारीच उभा होता. तेव्हाही त्यानं सांगणं उद्यावर ढकललं.

दुपारी जेवणं आटोपली असतील-नसतील, तोच जिन्यावर पावलं वाजली. इद्रीसचे वडील होते, दाऊदचाचा. दारात चपला काढून, पायऱ्यांचा दम जिरेपर्यंत ते चौकट धरून उभे राहिले. मनिषाताईनं खुर्ची पुढे केली. ते सर्वेशच्या टेबलापाशी येऊन बसले. दीपकनं पाणी आणून दिलं, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"शेक्रेटरी बोलला जेटीवर," ते म्हणाले. "जनाज्याच्या वक्ताला मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं होतं. माझ्या पोराकडनं कोणाचं काय दुखलं असंल, तर माफ करा. तवा गुणाजी पण होता. बोलला, माफ. पण हे तवा झालेलं नव्हतं ना. म्हणून आता परत मागायला जातोय त्याच्याकडं. मेलेला माणूस स्वतः कसा मागणार? म्हटलं, आधी तुला विचारावं. तू त्याच्या बाजूला बसायचास. हे त्यानं केलान?"

सर्वेशनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. मिठानं चरे पडलेले ते हात मांडीवर उताणे पडले होते, मागायला निघालेल्या माणसाचे असावेत तसे.

"नाही, चाचा. ते मी केलं."

मनिषाताईच्या टेबलावरची टकटक थांबली.

"त्याच्या मशीनवर बसून केलं. म्हणून नाव त्याचं लागलं. त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं."

दाऊदचाचा खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, रात्री दहा ते पाच माणसं निजतात असं त्याला वाटलं होतं काय. सर्वेश हो म्हणाला.

"पावसचा ना तू?"

"हो."

"बागायतदाराचा." त्यांच्या स्वरात राग नव्हता, जाळ्यात काय आलं आहे ते ओळखून सांगावं, तसं ते म्हणाले. "मी तीनला उठायचो, तर माझ्या आधी इद्रीसनं उठून चाय ठेवलेली असायची. कॉलेजात गेला तरी. म्हणून सकाळपासून मला पटत नव्हतं. बायको बोलली, मशीन खोटं कशाला सांगंल."

क्षमा मागण्याचा शब्द सर्वेशच्या ओठांवर आला. पण ती देण्याचा अधिकार या माणसाचा नव्हता, आणि हे दोघांनाही कळत होतं.

"गुणाजीकडं मग तू जा," चाचा म्हणाले. "मी जाऊन काय उपेग नाय. पण ते नाव आधी काढ."

सर्वेशनं पान उघडलं. दोन ओळी दुरुस्त केल्या : दरांचे संदेश रात्री थांबावेत, इशारे कधीच थांबू नयेत. कळ दाबली. डावीकडे इद्रीसचं नाव होतं तिथं त्याचं स्वतःचं आलं. पुढे लिहिलेलं होतं, काही क्षणांपूर्वी. मनिषाताई मागे येऊन उभी राहिली होती. खुलाशाचा लिहून ठेवलेला कागद तिनं सावकाश दुमडला.

"मग त्याचं शेवटचं काय ऱ्हायलं ह्यात?" चाचांनी विचारलं.

हा प्रश्न सर्वेशनं वर्षभरात स्वतःला कधी विचारला नव्हता. खोट्या नोंदीनं तिच्या मागची नोंद झाकून टाकली होती. त्यानं ती शोधून काढली. त्याच दिवसाची होती, दुपारची. इद्रीसनं कोणाला सांगितलीही नव्हती.

"सगळ्या होड्यांना इशारा जायला सात-आठ मिनिटं लागतात, चाचा. आधी तो नावांच्या क्रमानं जायचा. त्यानं ते बदललं. जी होडी समुद्रात सर्वांत आत जाते, तिला पहिल्यांदा. मग तिच्या अलीकडची. असं करत किनाऱ्याकडे."

"चालू हाय ते अजून?"

"हो."

चाचांनी मान हलवली. पडद्यावरची अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, तरी ते तिकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, "आमी तर आता लांब जात नाय. दीपस्तंभ दिसतो तवरच. आमची कितवी?"

सर्वेशनं यादी खाली सरकवली. ती पुष्कळ लांब होती. होड्यांची नावं एकामागून एक वर जात राहिली.

"तीनशेपैकी दोनशे अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला.

"बराबर लावलान पोरानं," दाऊदचाचा म्हणाले, आणि मग त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.